गोदाबाईचा निरोप

नगमाने गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, 'गोदामावशीची सोयाबीन शेतात गंजी लावून पडली आहे. आभाळ भरलं आहे. कोणी मळणीचा आपला नंबर देता का?'

कोणी नंबर दिला नाही.

मळणीयंत्र नगमाच्या सासऱ्यांचं. ते कोणाच्या शेतात कधी जाईल, हे ती या ग्रुपवर ठरवायची. सकाळीच पंजाबरावांनी घाई आहे म्हटलं, तर तिघं आपणहून मागे सरले. पंजाबराव रोज देवाचे फोटो टाकत, कोणाचा वाढदिवस चुकवत नसत. गोदाबाईकडे फोनच नव्हता. लागोपाठ पिकं बुडालेल्या गावात, जो दिसत नाही त्याच्यासाठी नंबर कोण सोडणार?

नगमा फोन घेऊन गोदाबाईच्या अंगणात गेली. "मावशी, तुमीच बोला यात. सारे ऐकतात."

"सारे?" गोदाबाईने पदर सावरला आणि फोन तोंडाशी धरला.

"पंजाबराव, मी गोदाबाई बोलून राहिली. तुह्या म्हशीचा पाय बरा झाला का? हळद लावजो. भगवंता, सुनेले पाचवा लागला म्हणे, तिले वजन उचलू देऊ नको. बेबीताई, वांग्याचं रोप ठेवलं तुह्यासाठी, सुकून चाललं, घेऊन जाय. अन् रामराव, तुहा खोकला इथलोक ऐकू येते. बिडी सोड बाप्पा."

तिने फोन परत दिला.

"मावशी, सोयाबीनचं राहिलं."

"राहू दे. एवढ्या लोकाईत आपलंच रडगाणं काय सांगाचं."

नगमाने तो निरोप तसाच पाठवला.

मग नेहमी चित्रंच टाकणाऱ्या पंजाबरावांचे शब्द आले. 'म्हशीचा पाय बरा हाय. आज माझ्याऐवजी मशीन गोदामायकडे न्या.' पाठोपाठ भगवंत ताडपत्री घेऊन निघाला.

दुपारी गंजीभोवती इतकी माणसं जमली, की पोत्यांची तोंडं धरायला रांग लागली. शेवटचं पोतं घरात गेलं आणि थेंब पडू लागले.

शेजारची माणिकबाईही दुपारभर राबली होती, पण गोदाबाईकडे न पाहता. आता अंगावरचा भुसा झटकत ती गोदाबाईसमोर उभी राहिली.

"साऱ्याईचं नाव घेतलं. माह्यंच काहून नाही घेतलं, गोदे?"

गोदाबाई ओशाळली. तिने नगमाकडे हात पसरला.

"आण बाई तो फोन."