डोलकाठीखालची जागा

केबिनचा दरवाजा पुन्हा अडकला. सासऱ्यांनी खांदा लावून तो उघडला आणि म्हणाले, "दमट हवेनं फुगलाय."

"फुगलेला नाही, बाबा," सून म्हणाली. "वरून डेक खाली बसलाय."

ती दातांची डॉक्टर. सुट्टीच्या दिवशी दवाखाना बंद करून ती बोटींच्या यार्डात यायची आणि सासऱ्यांच्या जुन्या, फायबरच्या शिडाच्या बोटीला घासूनपुसून रंग लावायला मदत करायची. बोट ठोकळ्यांवर चढवलेली होती. तिनं हातोडी उलटी धरली आणि दांड्यानं डेकवर ठोकत, गुडघ्यांवर पुढे सरकत गेली. टक, टक, टक. डोलकाठी जिथे उभी राहते तिथे आवाज बदलला. धप्प.

"आत कुजलंय."

"फायबर कधी कुजतं का?"

"फायबर नाही. त्याच्या दोन थरांमधलं लाकूड. स्क्रूच्या भोकांतून पाणी मुरलंय."

सासऱ्यांना ते कळत नव्हतं असं नाही. त्या जागेवर पाय पडला की मऊ लागतं, हे त्यांना केव्हाच जाणवलं होतं. "पुट्टी भरू, वर रंग मारू," ते म्हणाले. "या सीझनपुरतं निभावेल. मला तरी असे किती सीझन मिळणार आहेत?"

"आणि भर वाऱ्यात डोलकाठी डेकमधून खाली गेली तर? किडलेली दाढ वरून पांढरी करून मी कुणाला घरी पाठवत नाही, बाबा."

रात्री जेवताना नवरा हसला. "तोंड आणि बोट एकच वाटलं की काय तुला?" मग हसू आवरून म्हणाला, "जपून कर. बिघडलं ना, तर बाबा तुझ्याशी जन्मभर बोलायचे नाहीत."

पुढच्या सुट्टीला सासऱ्यांनी स्वतःच डेकवर पेन्सिलीनं रेघ आखली. ग्राइंडर चालू केला. पातं रेघेपर्यंत नेलं आणि बंद केला.

"माझ्याच्यानं नाही होणार," असं म्हणून त्यांनी ग्राइंडर तिच्या हातात दिला आणि फाटकापाशी जाऊन पाठ करून उभे राहिले.

तिनं चष्मा चढवला, मास्क बांधला आणि कापलं. सगळ्या यार्डभर कर्कश आवाज घुमला, पांढरा धुरळा उडाला. वरचा थर झाकणासारखा निघून आला. खाली लाकूड नव्हतंच. काळा, ओला, चहाच्या चोथ्यासारखा लगदा होता.

आवाज थांबला तसे सासरे परत आले. शिडीवरून वर चढले. त्यांनी तो लगदा मुठीत घेऊन पिळला. बोटांमधून पाणी गळलं.

"एवढं होतं?"

"अजून आहे. तुमच्या रेघेच्या बाहेरही गेलंय."

सासऱ्यांनी हात पँटला पुसला. "मग अजून काप."

कोरडं, घट्ट लाकूड लागेपर्यंत तिनं कोरलं. आजूबाजूच्या बोटी एकेक करून पाण्यात उतरल्या. त्यांची मात्र ताडपत्रीखाली वाळत पडली होती. "आता भरू या की," सासरे म्हणायचे. ती लाकडाला बोट लावून ओल बघायची आणि नकारार्थी मान हलवायची. शेवटी त्यांनी आपल्या खोलीतला टेबलफॅन आणून त्या खड्ड्यावर लावला आणि स्वतः घरी उकाड्यात झोपले.

मग नवं लाकूड बसलं. सासरे चिकट रेझिन कालवून देत होते, ती काचेच्या धाग्यांचं कापड अंथरून वरून रोलर फिरवत होती. कापडाखाली हवेचा एकही बुडबुडा राहू द्यायचा नव्हता. "इकडे एक आहे," "तो बुडबुडा नाही, बाबा, तुमच्या चष्म्यावरचा डाग आहे," असं दोघांचं चालू होतं. घासून, रंगवून झाल्यावर जोड कुठे आहे ते तिलाही सापडेना.

बोट पाण्यात उतरली त्या दिवशी क्रेननं डोलकाठी उभी केली. सासऱ्यांनी तिला धरून ठेवणाऱ्या तारा थोड्या थोड्या करून ताणल्या. प्रत्येक वेळी थांबून कान देत होते. डेक कुरकुरला नाही. ताण पुरा बसल्यावर ते केबिनपाशी गेले आणि दरवाजाला एक बोट लावलं. दरवाजा उघडला. त्यांनी तो लावला, पुन्हा उघडला, पुन्हा लावला.

"काका, बोट न्यायचीय की दाराशीच खेळायचंय?" क्रेनवाला ओरडला.

बंदराबाहेर शिडानं वारा घेतला. बोट कलली, तारा ताठ झाल्या. सून डेककडे कान देऊन बसली होती. पाण्याच्या सळसळीखेरीज कसलाच आवाज नव्हता. तिच्या लक्षात आलं, आपण केव्हापासून हसतोय.

"धर," म्हणत सासऱ्यांनी सुकाणूचा दांडा तिच्याकडे दिला.

"मला नाही येत, बाबा!"

"न येणारी कामं तू किती नीट करतेस ते पाहिलंय मी."

ते आधार धरत पुढे गेले आणि डोलकाठीला हात लावून तिच्या बुंध्यापाशी उभे राहिले. शेजारून एक मोठी, नवी कोरी बोट चालली होती. तिच्यावरचा माणूस यांच्या डेककडे निरखून बघत होता. त्यानं तोंडाभोवती हात धरून विचारलं, "काम झकास झालंय! कुणाकडून करून घेतलंत?"

"करून घेतलं नाही!" सासरे ओरडले. "घरचंच आहे!"

त्या माणसानं कानाला हात लावला. ऐकू आलं नव्हतं. सासऱ्यांनी सुकाणूवर बसलेल्या सुनेकडे हात केला आणि पुन्हा ओरडले, "घरचंच आहे!" वारा उलटा होता. ती बोट पुढे निघून गेली, लहान होत गेली, तरी सासरे ओरडतच होते.