शिल्लक जुळेना

कॉम्प्युटर बिघडला म्हणून अण्णांनी घरखर्चाच्या सॉफ्टवेअरमध्ये बॅकअपची फाइल परत चढवली, तर शिल्लक काही केल्या जुळेना. जेवताना त्यांनी सगळ्यांना बजावलं, "वर्षभराची एकेक नोंद तपासणार आहे. कुणाला काही सांगायचं असेल तर आत्ताच सांगा."

किराणा म्हणून लिहिलेले पैसे भावाला दिल्याचं बायकोने कबूल केलं. विम्याचा हप्ता शेअर बाजारात बुडवल्याचं मुलाने सांगितलं. सून पुटपुटली, "अण्णा, दातांच्या डॉक्टरांची ती तीन बिलं म्हणजे माझा नवा फोन."

तेवढ्यात सॉफ्टवेअरच्या हेल्पलाइनवरच्या बाईंचा फोन आला; अण्णांनी सकाळीच त्यांना फाइल तपासायला पाठवली होती.



"काका, चूक सापडली! तुमच्या एका चहाची नोंद दोनदा पडली होती. बाकी सगळा हिशेब अगदी चोख आहे हं!"