सत्तरच्या पुढचे आकडे

लॅपटॉप न्यायला कंपनीचा ड्रायव्हर संपत आला, तेव्हा मुक्ताबाईंनी त्याला दारातच उभं केलं.

"माझ्या पोराला पेटीत भरलंत. आता हे डबडंही न्या."

संपतनं मान खाली घातली. "मावशी, माझ्या हातात काय आहे? ऑफिसात गेलं की पुसून दुसऱ्याला देतात."

आखाती देशातल्या अल मुंतझा वस्तीतल्या त्या दोन खोल्यांत मुक्ताबाई लेकाकडे राहायला आल्या होत्या. लेक, अभिजित, भर समुद्रात सर्व्हेच्या बोटीवर छातीत कळ येऊन गेला. आज रात्रीच्या विमानानं त्या आणि पेटीतला अभिजित, दोघं गावी निघायची होती.

अभिजितच्या ऑफिसातली तेजश्री लॅपटॉप उघडून बसली होती.

"काकू, यात त्याचं काम अडकलंय. बोटीवर नेट नसायचं. सगळा प्रोजेक्ट गिटवरून, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक साठ्यातून, उतरवून सोबत न्यायचा, तिथंच लिहून नोंदवून ठेवायचा आणि किनाऱ्याला लागला की एकदम वर पाठवायचा. या खेपेचं राहिलं."

"कंपनीचं काम?"

"नाही. मराठी मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आहे, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. देशोदेशीची माणसं मिळून लिहितात."

"फुकट?"

"फुकट."

"तरीच. मी गावी असताना फोन करून मला आकडे म्हणायला लावायचा. एकोणसाठ म्हण, त्रेसष्ट म्हण. म्हटलं, एवढं शिकून मेल्याला..."

मुक्ताबाईंनी पदर तोंडात कोंबला.

मग त्यांनी विचारलं, "नाव कुणाचं लागेल?"

"त्याचंच. तारीखही त्यानं लिहिलं त्या दिवसाची."

"मग धाड."

तेजश्रीनं बटण दाबलं. काही ओळी भराभर वर सरकल्या आणि थांबल्या.

"खलास?" दारातून संपतनं विचारलं.

तेजश्री बॅग भरायला उठणार, तोच पडद्यावर कुणाचं तरी उत्तर आलं. तिनं ते वाचून पडदा आपल्याकडे वळवला.

"मला इंग्रजी येत नाही म्हणून लपवू नकोस. वाच."

"ब्राझीलमधला कुणी आहे, काकू. त्याला काही माहीत नाही. म्हणतो, फार दिवसांनी आलास, बरं वाटलं. आकडे एकोणसत्तरपर्यंतच दिसतात. सत्तरच्या पुढचे कधी पाठवतोस?"

संपतनं चप्पल काढली, आत आला आणि लॅपटॉपसाठी हात पुढे करून तसाच उभा राहिला.

"काय लिहू?" तेजश्रीनं विचारलं.

मुक्ताबाईंनी डोळे कोरडे केले.

"लिही, बोटीवर आहे. तिथं नेट नसतं."