सासऱ्यांची मिशी
बाळाची तोंडातली टाळू दुभंगलेली निघाली, तेव्हा सासूबाईंनी खापर गरोदरपणातल्या माझ्या कॉफीवर फोडलं आणि माझा कप बंद केला. आमच्या फिनलंडात यापेक्षा मोठी शिक्षा नाही. बाळाच्या खालच्या ओठावरचे दोन बारीक खळगे पाहून हेलसिंकीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "टाळू आम्ही शिवू. दोष कॉफीचा नाही, जनुकाचा. घरात कुणाच्या तरी ओठावर असे खळगे असणार; मधली एखादी पिढी सुटतेही." "आमच्या घराण्यात कुणाला नाहीत!" सासूबाईंनी ठणकावलं. बाप्तिस्म्याच्या दिवशी सासरे सॉनातलं बाष्पस्नान उरकून आले ते ओठांवर लोंबणारी मिशी सफाचट करून. नातीला टोचायला नको म्हणून. खालच्या ओठावर दोन खळगे! नवरा हसतच सुटला, "आई, चाळीस वर्षांत बाबांचा ओठ पाहिलाच नाहीस?" "मिशीतून दिसतोय कुठे मेला!" सासूबाईंनी लाजत सासऱ्यांच्या पुढ्यातला वाफाळता कप उचलून माझ्यापुढे ठेवला. "तू पी. यांची कॉफी आजपासून बंद."