दिगंबर आत आला

हेमलता कथेचे कागद फाडणार, इतक्यात आईने तिचा हात धरला. "मी वाचलीय ती गोष्ट."

तीन वर्षांपूर्वी हेमलताचा भाऊ दिगंबर समुद्रात बुडाला होता. गोष्टीत तिने त्याला पोहून किनाऱ्यावर आणलं होतं, घराच्या पायरीवर बसवलं होतं. पुढे लिहवेना. असलं खोटं लिहून आपण आईची जखम उकरतोय, असं तिला वाटत होतं.

"चुकलं माझं. मला नाही जमत हे," ती म्हणाली.

आई डोळे पुसत म्हणाली, "एवढं पोहून आलाय पोरगा. दारातच काय बसवून ठेवलंयस? आत घे त्याला, जेवायला वाढ."

हेमलताने पुढची ओळ लिहिली: दिगंबर आत आला.