पितळेची कडी

बाबांचा माझ्यावर संशय होता, एवढं नक्की. दोन महिने माझं कॉलेज बुडत होतं, दुपार झाली तरी अंथरुणातून उठवत नव्हतं, केस विंचरायचे म्हटलं तरी जिवावर यायचं. आईने तर ठरवूनच टाकलं होतं, पोरगी कुणाच्या तरी प्रेमात पडलीय. बाबा नुसते माझ्या दारावरून चकरा मारायचे.

एक दिवस बघते तर माझ्या खोलीची आतली कडीच गायब!

"गंजली होती, म्हणून काढली," बाबा म्हणाले.

कडी पितळेची होती. पितळ गंजत नाही, हे सुताराच्या पोरीला कुणी शिकवावं लागतं का?

त्यात रोज कारखान्यातून हाक, "ये गं, टेपचं टोक धर जरा." तीस वर्षं एकट्याने मापं घेणाऱ्या माणसाला अचानक माझी मदत कशाला? पाळत ठेवायची, दुसरं काय!

काल माझं डोकंच फिरलं. टेप सोडून मी ओरडले, "सरळ विचारा ना, बाबा! मी कुणाबरोबर पळून जाईन, अशी भीती वाटते का तुम्हाला?"

बाबांनी कानामागची पेन्सिल काढली, पुन्हा तिथेच खोचली.

"पळून गेलीस तर शोधून तरी आणता येईल गं. तुझा काकाही तुझ्या वयात असाच पडून राहायचा, आम्ही त्याला आळशी म्हणायचो..."



बाबांनी टेपचं टोक उचलून माझ्या हातात दिलं. "त्याच्या दाराची कडी मी तोडेपर्यंत उशीर झाला होता."