पहिली बाळंतीण

बाळंतिणींची देखभाल करायचं काम अॅनालिननं नुकतंच धरलं होतं. लेते बेटावरची जोसेलिन ही तिची पहिलीच बाळंतीण.

चौथ्या दिवशी भरदुपारी जोसेलिनचा नवरा नेस्टर माडी ढोसून आला. "भातावर मासा का नाही गं?" असं ओरडत त्यानं ओल्या बाळंतिणीच्या पोटात लाथ घातली. दुसरी लाथ उचलली, तशी अॅनालिननं भाताचं मुसळ त्याच्या नडगीवर हाणलं. हाड कडकन मोडलं.

त्याच्या बोंबा ऐकून पोलीस आले. हवालदारानं कोपऱ्यात बसून सगळं पाहिलेल्या नेस्टरच्या आईला विचारलं, "आजी, पोराचा पाय कुणी मोडला?"

अॅनालिननं मुसळ हळूच पाठीमागं लपवलं.

म्हातारी शांतपणे म्हणाली, "मीच मोडला, साहेब. याच्या बापाचा मोडायचा तेवढा राहून गेला."